पाण्याचा कठीणपणा मोजणारे श्वार्झेनबाख

अंबड-घनसावंगी पट्ट्यातील मोसंबीची पाने पिवळी पडू लागली की शेतकरी विहिरीचे पाणी आणि मातीचा नमुना तपासायला नेतो. जालना जिल्हा बेसाल्ट खडकावर वसलेला असल्याने येथील पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम येणे स्वाभाविकच. प्रयोगशाळेत त्यांचे प्रमाण काढण्याची जी रीत वापरतात, तिचे श्रेय प्रामुख्याने स्विस रसायनशास्त्रज्ञ गेरोल्ड श्वार्झेनबाख यांना जाते.

झुरिक सरोवराकाठच्या होर्गेन येथे १९०४ साली त्यांचा जन्म झाला. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्या संस्थेतून १९२८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि पुढे झुरिक विद्यापीठात अध्यापन केले. त्या काळी कॅल्शियमचा ऑक्झलेट रूपात साका पाडून तो गाळणे, धुणे, तापविणे आणि तोलणे, मग उरलेल्या द्रावणातून मॅग्नेशियमचा फॉस्फेट वेगळा करणे, असा मोठा खटाटोप असे. साबणाच्या द्रावणाची जुनी पद्धत झटपट होती, पण ढोबळ.

ईडीटीए हे आम्ल श्वार्झेनबाख यांनी शोधले नव्हते. जर्मनीत फर्डिनांड म्यून्झ यांनी १९३५ च्या सुमारास ते वस्त्रोद्योगासाठी तयार केले होते. खेकड्याने नांगीत धरावे तसा त्याचा एक रेणू धातूच्या एकाच आयनाला धरतो. ही पकड किती घट्ट, हे श्वार्झेनबाख यांनी चिकाटीने मोजले आणि १९४५ पासून त्यावर शोधनिबंधांची मालिकाच प्रसिद्ध केली. एकास एक हे प्रमाण ठरलेले, म्हणून ब्युरेटमधून किती द्रावण खर्ची पडले यावरून धातूचे प्रमाण सांगता येऊ लागले. अडचण होती ती क्रिया संपल्याचे ओळखण्याची. म्युरेक्साइड आणि १९४८ साली एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगद्रव्यांनी ती सोडविली. अमोनियायुक्त द्रावणात दुसऱ्याचा मद्यासारखा लाल रंग निळा होताच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची बेरीज मिळते. कॉस्टिक सोडा घालून मॅग्नेशियम खाली बसविले, की म्युरेक्साइडच्या साह्याने कॅल्शियम एकटे मोजता येते. मॅग्नेशियम मात्र वजाबाकीने काढावे लागते. त्यामुळे दोन्ही वाचनांतील चूक त्याच्याच माथी येते. अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

१९५५ साली ते ईटीएचमध्ये प्राध्यापक म्हणून परतले. १९७८ साली त्यांचे निधन झाले. मोठ्या प्रयोगशाळांत आता धातू मोजणारी महागडी यंत्रे आली, तरी भारतीय मानकांत ईडीटीए पद्धत कायम आहे. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालेल, या मर्यादांशी ताडून पाहायचे आकडे जिल्ह्यांच्या ठिकाणी बहुधा याच ब्युरेटमधून येतात.