ज्या रेणूंवरून शास्त्रज्ञ हसले, त्याच रेणूंसाठी ३३ वर्षांनी नोबेल मिळालं

सकाळी ब्रश हातात घेतला, बादलीत पाणी सोडलं, दुधाची पिशवी कापली. चहा व्हायच्या आतच तुमचा हात तीन वेगवेगळ्या प्लास्टिकला लागलेला असतो.

हे प्लास्टिक आतून नेमकं कसं असतं, हे ज्यांनी सांगितलं त्यांना त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांनी वेड्यात काढलं होतं. नाव हर्मान श्टाउडिंगर.

जन्म १८८१ चा, जर्मनीतल्या वर्म्स शहरातला. त्यांना खरं तर वनस्पतीशास्त्र शिकायचं होतं. झाडं समजून घ्यायची तर आधी केमिस्ट्री पक्की हवी, असा सल्ला मिळाला आणि ते केमिस्ट्रीतच रमले. १९०५ मध्ये कीटीन नावाच्या संयुगांचा नवा गट शोधला, १९१२ मध्ये झुरिकच्या ईटीएचमध्ये प्रोफेसर झाले. थोडक्यात, करिअर सेट होतं.

मग त्यांनी रबराचा विषय हातात घेतला.

तेव्हा रबराचे टायर रस्त्यावर धावत होते, बेकेलाइटही बाजारात आलं होतं. गंमत म्हणजे वस्तू विकल्या जात होत्या, पण त्या आतून कशा आहेत यावर एकमत नव्हतं. बहुतेक शास्त्रज्ञांना वाटायचं की छोटे छोटे रेणू कसल्याशा ओढीने एकत्र जमलेत. संध्याकाळी दादरच्या प्लॅटफॉर्मवर माणसं जमतात, तसे.

श्टाउडिंगर यांचं म्हणणं, ही गर्दी नाही, ही अख्खी ट्रेन आहे. डब्याला डबा जोडावा तसे हजारो छोटे रेणू पक्क्या रासायनिक बंधाने जोडले जातात आणि एकच लांबलचक रेणू तयार होतो. १९२० मध्ये त्यांनी हे लेखात मांडलं.

पुरावाही दिला. विरोधक म्हणायचे, रबरातल्या द्विबंधांमुळे रेणू एकमेकांना ओढून धरतात. श्टाउडिंगर यांनी रबराला हायड्रोजन जोडून ते द्विबंधच संपवले. नुसती गर्दी असती तर ती पांगली असती आणि सहज वाफ होणारा साधा पदार्थ हाती आला असता. तसं झालं नाही. पदार्थ बराचसा रबरासारखाच राहिला, त्याची वाफ काही होईना.

तरी लोक ऐकेनात. हाइनरिख वीलांट हे त्या काळातलं मोठं नाव. त्यांनी सल्ला दिला की मोठ्या रेणूंचा नाद सोडा, रबर नीट शुद्ध करा, त्याचे स्फटिक मिळतील. १९२६ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या परिषदेतही श्टाउडिंगर जवळपास एकटेच पडले होते.

त्याच वर्षी ते फ्रायबुर्ग विद्यापीठात आले. इथे मात्र भांडण केमिस्ट्रीचं राहिलं नाही. पहिल्या महायुद्धात त्यांनी युद्धाला विरोध केला होता आणि विषारी वायूच्या वापरावरून फ्रिट्झ हाबर यांच्याशीही त्यांचं वाजलं होतं. १९३३ मध्ये नाझी सत्तेत आले आणि विद्यापीठाचे रेक्टर झाले प्रसिद्ध तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर. याच हायडेगर यांनी श्टाउडिंगर यांची जुनी प्रकरणं सरकारपर्यंत पोहोचवली. गेस्टापोने चौकशी केली. श्टाउडिंगर यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला आणि काही महिने तो टांगत्या तलवारीसारखा ठेवला. शेवटी नोकरी वाचली. हायडेगर यांच्या तत्त्वज्ञानाबद्दल भरपूर वाचायला मिळतं, हे प्रकरण मात्र क्वचितच कोणी सांगतं.

तोवर अमेरिकेत ड्युपॉन्टच्या वॉलेस कॅरोथर्स यांनी रेणूला रेणू जोडत लांब साखळ्या बनवून दाखवल्या होत्या. १९३५ मध्ये त्यातूनच नायलॉन आलं आणि वाद जवळपास मिटला.

श्टाउडिंगर यांचंही सगळंच बरोबर नव्हतं बरं का. या साखळ्या काठीसारख्या ताठ असतात, हा हेका त्यांनी बरीच वर्षं धरला. त्या दोरीसारख्या वळतात, हे इतरांनी दाखवून दिलं.

१९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची संस्था उद्ध्वस्त झाली. नोबेल मिळालं १९५३ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी. त्याच वर्षी डीएनएची रचना उलगडली, आणि डीएनए हासुद्धा असाच एक महाकाय रेणू. प्लास्टिकची पिशवी वर्षानुवर्षं कुजत नाही, त्यामागेही कार्बनच्या साखळीतले हेच पक्के बंध आहेत.

त्यांची पत्नी माग्दा स्वतः वनस्पतीशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्यासोबत श्टाउडिंगर यांनी सजीव पेशींमधल्या मोठ्या रेणूंवर काम केलं. झाडं समजून घ्यायला केमिस्ट्रीकडे गेलेला माणूस असा उतारवयात पुन्हा झाडांकडे आला. १९६५ मध्ये फ्रायबुर्गमध्येच त्यांचं निधन झालं.