रयतेचे महाविद्यालय

मुलांनो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच बोलणे सुरू होते. पुढे कोणत्या कॉलेजात जायचे? फी किती पडेल? कॉलेज दूरच्या गावी असेल तर राहायचे कुठे आणि जेवायचे काय? बुद्धी असूनही या प्रश्नांपाशी अडलेली मुले तुमच्या ओळखीत असतील. अशी मुले अडू नयेत म्हणून एका माणसाने १९४७ साली सातारा येथे महाविद्यालय काढले. ते स्वतः कॉलेजात कधीच शिकले नव्हते. मॅट्रिकची पायरीही त्यांना चढता आली नव्हती. त्यांचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. लोक त्यांना प्रेमाने कर्मवीर म्हणत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कुलात शिकू लागले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. अभ्यासात ते फार हुशार नव्हते. कुस्ती आणि खेळ त्यांना जास्त आवडत.

त्याच सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह उघडले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले, की आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही. भाऊरावांना हे पटले नाही. त्यांनी आंघोळ करायचे नाकारले, आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. वसतिगृहाचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. पुढे १९१४ साली एका खटल्यात याच लठ्ठ्यांच्या विरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी तुरुंग पत्करला, पण खोटी साक्ष दिली नाही. ज्यांनी आपल्याला घालवून दिले त्यांच्यासाठी तुरुंगात जाणारा माणूस कसा असेल, याचा विचार करून पाहा.

शिक्षण अर्धवट राहिले. भाऊराव साताऱ्याला आले आणि शिकवण्या घेऊ लागले. नंतर त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम केले. त्या कामासाठी ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्यांची स्थिती त्यांनी जवळून पाहिली. कागद वाचता येत नाही म्हणून माणसे फसत होती, कर्जात बुडत होती. गावात शाळा नव्हती, आणि शहरात मुलाला ठेवण्याची ऐपत नव्हती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. रयत हा शब्द तुम्हांला नवा नाही. तुमच्या उर्दूतही तो आहे आणि रिआया हे त्याचेच भावंड. रयत म्हणजे राज्यातील सामान्य प्रजा, शेतात राबणारी माणसे. भाऊरावांनी संस्थेला कुणा राजाचे किंवा सावकाराचे नाव दिले नाही. त्यांनी रयतेचे नाव दिले.

१९२४ साली संस्था साताऱ्याला आली. सुरुवातीला काही मुले भाऊरावांच्या घरीच राहत. त्यांत मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सर्व जातीधर्मांची मुले होती. सगळ्यांचा स्वयंपाक एका ठिकाणी होई आणि सगळे एका पंगतीला बसत. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांना आईसारख्या होत्या. घरातले धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा मोठा वृक्ष पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. संस्थेच्या इतिहासात त्यांचे नाव भाऊरावांच्या बरोबरीने घेतले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

१९२७ साली महात्मा गांधी साताऱ्याला आले. त्यांनी हे वसतिगृह पाहिले. त्यांच्याच हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले.

मुले वाढली, तशा शाळा वाढल्या. शाळांना शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे फी नव्हती. मुलांनी काम करायचे आणि शिकायचे, अशी पद्धत होती. पण हायस्कूल संपल्यावर काय? मॅट्रिक झालेला शेतकऱ्याचा मुलगा पुन्हा गावी जाऊन बसायचा. पुण्या-मुंबईचे कॉलेज त्याला परवडणारे नव्हते. म्हणून जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले.

या कॉलेजचे नाव बदलून आपल्या घराण्याचे नाव दिल्यास मोठी देणगी देऊ, असे एका धनिकाने सुचवल्याची आठवण सांगतात. भाऊरावांना पैशांची फार गरज होती. तरी त्यांनी साफ नकार दिला. एक वेळ आपल्या वडिलांचे नाव बदलू, पण शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

आता या कॉलेजात काय चाले, ते पाहू. गरीब मुलाला कॉलेजात घ्यायचे तर पैसे कोठून आणायचे? एक मार्ग दानाचा होता. दानशूर माणसे पैसे देतात, मुलगा शिकतो. पण भाऊरावांना त्यात एक दोष दिसला. फुकट जेवणारा मुलगा मान खाली घालून जेवतो. चार वर्षे अशी गेली, तर पदवी हातात येईल, पण मान वर कशी होईल? म्हणून त्यांनी कमवा आणि शिका ही योजना कॉलेजातही चालू ठेवली. विद्यार्थ्याने रोज ठरलेले तास काम करायचे. कुणी शेतात राबे, कुणी भाजीच्या मळ्याला पाणी देई, कुणी इमारतीच्या कामावर दगडमाती वाही. त्या श्रमातून त्याच्या जेवणाचा आणि शिक्षणाचा खर्च निघे.

हे वाचताना सोपे वाटते. पण त्या वेळी कॉलेजचा विद्यार्थी म्हणजे पांढरे कपडे घालणारा आणि हाताला माती न लावणारा, अशी समजूत होती. खेड्यातला बापही म्हणे, की मुलगा शिकला तर त्याच्या हातातला नांगर सुटेल. आणि येथे तर कॉलेजात कुदळ हातात घ्यायची! काही मुलांना लाज वाटली असेल. ती लाज व्याख्यान देऊन जात नाही. भाऊराव स्वतः खादीचे साधे कपडे घालत आणि अनवाणी हिंडत. श्रम त्यांनी स्वतः केले होते, म्हणून मुलांना सांगण्याचा अधिकार त्यांना होता.

काम फार झाले, तर अभ्यास मागे पडतो, हेही खरे. दिवसभर राबलेल्या मुलाचे डोळे रात्री पुस्तकावर मिटतात. अशा वेळी शिक्षकांचे लक्ष लागते. संस्थेत आजीव सदस्य नावाचे शिक्षक होते. थोड्या वेतनावर संस्थेतच आयुष्य घालवायचे, असे त्यांनी ठरवलेले असे. त्यांच्यापैकी बरेच जण पूर्वी याच वसतिगृहांत वाढले होते. कोणता मुलगा कशाने अडला आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नसे. त्यांनी ते स्वतः भोगले होते.

अशा माणसांपैकी एक म्हणजे पी. जी. पाटील. शाहू बोर्डिंगमध्ये राहून ते शिकले. पुढे इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. मुंबईला वकिली केली असती, तर त्यांना पैसा मिळाला असता. ते साताऱ्याला परत आले आणि शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले. नंतर ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आपल्यासारखाच एक मुलगा प्राचार्यांच्या खुर्चीत बसलेला पाहून खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला काय वाटले असेल, ते तुम्हीच ठरवा.

कॉलेज सुरू होऊन वर्ष होते न होते, तोच मोठे संकट आले. १९४८ साली मुंबई सरकारची भाऊरावांवर नाराजी झाली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे शिक्षण धोक्यात आले. भाऊराव गावोगाव फिरले. लोकांनी पैसे दिले, धान्य दिले. गाडगे महाराज त्यांच्या बाजूने उभे राहिले. काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झाले. पुढे १९५४ साली कराडला संस्थेचे दुसरे महाविद्यालय निघाले, त्याला गाडगे महाराजांचेच नाव दिले. १९५५ साली साताऱ्यात शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. ते मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाने आहे. साताऱ्यातील संस्थेच्या कायद्याच्या महाविद्यालयाला इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव आहे.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाची ही पदवी मिळाली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २०२१ साली साताऱ्यात त्यांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९४७ चे शिवाजी कॉलेज आता त्या विद्यापीठाचा भाग आहे. कमवा आणि शिका ही योजना तर महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत पोहोचली आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या कॉलेजच्या वाचनालयात पुस्तके लावून किंवा बागेत काम करून आपली फी भरली, तर त्या योजनेची सुरुवात कुणी आणि कुठे केली, हे तुम्हांला ठाऊक असेल.