मामांचा पाना का घसरतो? नट-बोल्टला नियम लावणाऱ्या जोसेफ व्हिटवर्थची गोष्ट

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामांचं छोटं वर्कशॉप आहे. वय चौसष्ट. एक जुनी इंग्लिश बनावटीची लेथ आहे, ती त्यांच्या उस्तादांकडून त्यांच्याकडे आली. गेल्या दिवाळीत मी तिथे गेलो तेव्हा मामा त्या लेथचा एक नट सोडवत होते. तेरा नंबरचा पाना बसत नव्हता. चौदाचा बसत होता, पण हलत होता. मामांनी जोर लावला, पाना सटकला आणि हाताची बोटं लेथच्या बेडवर आपटली. चार बोटांची सालं निघाली.

पूर्वी असं होत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. पाना सटकणार हे तळहाताला आधीच कळायचं आणि हात आपोआप सैल व्हायचा. आता पकड राहिली नाही. पान्यावरचा नंबर वाचायचा तर चष्मा लागतो, आणि चष्म्याला हात लावला की काचेवर ऑईल. मग त्यांनी त्यांचा जुना जुगाड केला: तुटक्या एक्सा ब्लेडचा तुकडा पाना आणि नट यांच्या फटीत सारला. नट निघाला.

मी इंजिनिअर, पण सॉफ्टवेअरवाला. मला हा जुगाड बघून एकच प्रश्न पडला, की मुळात फट का आहे? उस्तादांच्या पेटीतला एक जुना पाना काढला. त्याचं तोंड वापरून वापरून फाकलं होतं, म्हणून तो बाजूला पडला होता. मोबाईलचा कॅमेरा झूम करून त्यावरचा नंबर वाचला: १/४ डब्ल्यू. म्हणजे पाव इंच, बरोबर? पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पण व्हर्नियर लावला तर नटच भरला जवळपास १३.३ मिलिमीटर. पान्यावर लिहिलंय एक, माप दुसरंच. आमच्याकडे असं कुणी कोडमध्ये लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये त्याची धुलाई होते.

तो डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. त्या रात्री मी या माणसाबद्दल वाचत बसलो ते दोन वाजेपर्यंत.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टला झाला. वडील शाळामास्तर. आई तो लहान असतानाच गेली. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमधल्या काकाच्या सूतगिरणीत कामाला लावलं. बेत असा, की पोरगा पुढे गिरणी सांभाळेल. पोराला मात्र सुतापेक्षा सूत काढणाऱ्या मशीनमध्ये रस. चारेक वर्षांनी तो तिथून सटकला आणि मँचेस्टरला जाऊन साधा मेकॅनिक झाला. १८२५ मध्ये लग्न केलं आणि बायकोला घेऊन लंडन गाठलं.

लंडनला जाण्याचं कारण हेन्री मॉडस्ले. त्या काळात मॉडस्लेच्या वर्कशॉपमध्ये काम केलेलं असणं म्हणजे आज रेझ्युमेवर एखाद्या बड्या टेक कंपनीचं नाव असण्यासारखं होतं. स्क्रूचे आटे अचूक पाडणारी लेथ मॉडस्लेने नावारूपाला आणली होती. त्याच्या शॉपमध्ये सपाट लोखंडी प्लेटा असायच्या, जॉब खरंच सपाट झालाय का ते त्यावर ठेवून बघायचं.

आता तुम्ही म्हणाल, सपाट म्हणजे सपाट, त्यात काय एवढं? पण विचार करा, जगातली पहिली सपाट प्लेट कशावरून तपासणार? दोन प्लेटा एकमेकींवर घासून बघितल्या आणि त्या छान बसल्या, तरी एक मधे फुगलेली आणि दुसरी तेवढीच खोलगट असू शकते. यावरचा उपाय म्हणजे तिसरी प्लेट. एकीचा रंग दुसरीला, दुसरीचा तिसरीला, तिसरीचा परत पहिलीला लावून बघायचा. जिथे रंग उठला तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा. तिन्ही प्लेटा आपापसात सगळ्या जोड्यांनी बसल्या तर त्या सपाट असण्याशिवाय दुसरा पर्यायच उरत नाही. कुठलंही बाहेरचं माप न वापरता, फक्त तुलना करून अचूकता मिळते. मला हे वाचून चक्क एखादा सुंदर अल्गोरिदम वाचल्यासारखं वाटलं. तोवर लोक दोन प्लेटा पूड टाकून एकमेकींवर घासायचे. घासण्याऐवजी खरवडा, हे व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोच्या एका परिषदेत निबंध वाचून मांडलं.

मॉडस्लेनंतर तो जोसेफ क्लेमंट नावाच्या कारागिराकडे लागला. हा क्लेमंट कोण? चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनचे सुटे भाग बनवणारा. म्हणजे कॉम्प्युटरच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर जे गिअर आणि चाकं दिसतात, त्या कामात पुढे जगाला नट-बोल्टचा नियम देणारा माणूस हाताने राबत होता. बॅबेजचं आणि क्लेमंटचं पैशावरून बिनसलं, १८३३ मध्ये काम थांबलं, मशीन पूर्ण झालंच नाही. त्याच वर्षी व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला, चोर्ल्टन स्ट्रीटवर भाड्याने जागा घेतली आणि आपण लंडनहून आलेले हत्यारं बनवणारे कारागीर आहोत अशी पाटी लावली. (लंडनहून आलोय हे पाटीवर लिहायची हुशारी दोनशे वर्षांपूर्वीही चालत होती.)

आता मामांच्या नटाकडे येऊ.

त्या काळी प्रत्येक वर्कशॉपचे आटे वेगळे होते. एकाच जाडीच्या बोल्टला एकीकडे इंचात इतके आटे, दुसरीकडे तितके. उतार वेगळा, खोली वेगळी. मशीनचा एक नट हरवला तर ज्याने मशीन बनवलं त्याच्याकडेच जायचं किंवा नवीन जोडी पाडून घ्यायची. एका बोल्टचा नट शेजारच्या बोल्टला बसेलच याचीही खात्री नसायची. दुरुस्ती करणाऱ्याचं आयुष्य किती वैतागाचं असेल बघा. प्रत्येक फोनचा चार्जर वेगळा असायचा ते दिवस तुमच्यातल्या काहींना आठवत असतील, तो त्रास इथे प्रत्येक स्क्रूला होता.

व्हिटवर्थने केलेली गोष्ट मला फार आवडते. आपल्या डोक्यातून आदर्श आटा काढून लोकांवर लादायच्या ऐवजी त्याने इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या वर्कशॉपमधून बोल्ट गोळा केले, त्यांची मापं घेतली आणि मधला मार्ग काढला. आट्याचा कोन ठरला ५५ अंश. टोक आणि तळ दोन्ही गोलाकार. आणि जाडीनुसार आट्यांची संख्या पक्की: पाव इंची बोल्टला इंचात २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८. हे त्याने १८४१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्ससमोर मांडलं. कोणालाच शंभर टक्के आपला वाटणार नाही, पण कोणालाच फार परकाही वाटणार नाही, असं स्टँडर्ड. रेल्वे कंपन्यांनी ते उचललं आणि पुढच्या वीसेक वर्षांत ते ब्रिटनभर पसरलं.

क्रिमियाच्या युद्धात याचा जोर दिसला. नौदलाला घाईने गनबोटी हव्या होत्या, त्यांना इंजिनं हवी होती, आणि एका कारखान्यात तेवढी होणं शक्य नव्हतं. जॉन पेन या इंजिनवाल्याने सुटे भाग वेगवेगळ्या वर्कशॉपना वाटून दिले. आटे सगळीकडे सारखेच, त्यामुळे बाहेरून आलेले भाग जोडता आले.

पाव इंचाला वीस आटे हा आकडा लक्षात ठेवा. तुमच्या मोबाईलच्या ट्रायपॉडला किंवा कॅमेऱ्याच्या खाली जो स्क्रू असतो, तो पाव इंच, वीस आटे. रील शूट करणाऱ्या प्रत्येकाने तो फिरवलाय. (कोन आता बहुधा ६० अंशांचा असतो, त्याचं पुढे सांगतो.) मामांना मी तो स्क्रू दाखवला तर त्यांनी न मोजता सांगितलं, दोन सूत. आपल्याकडे फिटर आणि हार्डवेअरवाले इंचाच्या आठव्या भागाला एक सूत म्हणतात, म्हणून पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा इंच चार सूत. आणि घरातल्या नळाला प्लंबर पांढरी टेप गुंडाळून जो अर्धा इंची आटा बसवतो, त्याचा कोन आजही व्हिटवर्थचाच आहे: ५५ अंश, इंचात १४ आटे. मिलिमीटरवाल्या देशांतही पाईपच्या बाबतीत हाच आटा टिकून राहिला.

मग मामांचा पाना का सटकतो? तर जुन्या पद्धतीत पान्यावर नटाच्या बाहेरचं माप लिहायचे नाहीत, आतल्या बोल्टची जाडी लिहायचे. १/४ डब्ल्यू म्हणजे पाव इंची व्हिटवर्थ बोल्टच्या नटाला बसणारा पाना, ज्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. तेराचा बसणार नाही, चौदाचा साधारण दोन तृतीयांश मिलिमीटर ढिला. एक्सा ब्लेडची जाडी जवळपास तेवढीच असते, हे मामांच्या हाताला कुठलाही तक्ता न बघता माहीत होतं. भरीत भर, पुढे बारीक आट्याच्या बोल्टना लहान डोकी आली, आणि दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायला मूळ व्हिटवर्थ बोल्टचं डोकंही एक साईझ लहान केलं. त्यामुळे एकाच पान्यावर दोन-दोन नंबर आले. हा घोळ व्हिटवर्थच्या माथी मारणं बरोबर नाही, पण निस्तरावा लागतो तो पाना हातात धरणाऱ्याला.

कोनाचंही तसंच. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा, सपाट टोकाचा आटा सुचवला. साध्या कारागिराला तो पाडायला आणि तपासायला सोपा. मला वाटतं इथे सेलर्सचं बरोबर होतं. व्हिटवर्थची ती गोलाई दिसायला देखणी आणि ताकदीला चांगली, पण ती नीट काढायला व्हिटवर्थसारखेच हात लागतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लिश आणि अमेरिकन भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने मिळून ६० अंश मान्य केले. मेट्रिक आटाही ६० अंशांचाच.

व्हिटवर्थचं खरं वेड मात्र मोजमापाचं. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात त्याने इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारं यंत्र मांडलं. रचना ऐका: इंचात २० आट्यांचा स्क्रू, त्याला २०० दात्यांचं चाक, ते फिरवणाऱ्या चकतीवर २५० खुणा. वीस गुणिले दोनशे गुणिले अडीचशे, झाले दहा लाख. आणि गंमत म्हणजे शेवटचा निर्णय डोळ्याचा नव्हताच. जॉब आणि यंत्र यांच्यामध्ये एक छोटी पट्टी धरलेली असायची. पकड पुरेशी असेल तर ती तशीच अडकून राहायची, चकती एक खूण मागे घेतली की पडायची. रेघांवरून डोळ्याने मोजण्यापेक्षा स्पर्शाने मोजलेलं जास्त खरं, यावर तो ठाम होता. बोटाच्या उबेने लोखंड किती फुगतं तेही या यंत्रावर कळायचं.

बंदुकीच्या भानगडीबद्दल थोडक्यात सांगतो. सरकारने त्याला रायफली बनवायची मशीनं सुचवायला सांगितली. त्याने आधी प्रयोग करायचे म्हणून घराजवळ पाचशे यार्डांची बंदिस्त गॅलरी बांधली आणि शेवटी षटकोनी नळीची, ०.४५१ इंच बोअरची स्वतःची रायफल काढली. १८५७ च्या चाचणीत तिने सरकारी एनफिल्डला नेमबाजीत मागे टाकलं. तरी लष्कराने नाकारली: महाग, नळी लवकर काजळते, बोअर फार लहान. पुढे १८७१ मध्ये त्याच लष्कराने ०.४५ बोअरची मार्टिनी-हेन्री घेतली. व्हिटवर्थ हट्टी होता, वाद घालायचा, तडजोड करायचा नाही. सगळ्यांच्या बोल्टचा मधला मार्ग काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या बाबतीत मधला मार्ग कधी जमला नाही, हे मला जरा मजेशीर वाटलं.

पैसा त्याने भरपूर कमावला. १८६८ मध्ये दरवर्षी शंभर पौंडांच्या तीस स्कॉलरशिप सुरू केल्या, आणि त्यासाठी पुस्तकी ज्ञानासोबत हत्यारं चालवण्याचं कौशल्यही बघायचं ठरवलं. ती स्कॉलरशिप आजही दिली जाते. १८६९ मध्ये बॅरोनेटचा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी मोंटे कार्लोला तो वारला. मूल नव्हतं. त्याच्या पैशातून मँचेस्टरमध्ये बाग आणि आर्ट गॅलरी उभी राहिली, दोन्ही अजून त्याच्या नावाने आहेत.

पुण्याला परतल्यावर एका रविवारी मी जुन्या बाजारात गेलो. गंजक्या पान्यांच्या ढिगात तासभर उकिडवा बसलो आणि १/४ डब्ल्यूचा एक पाना मिळाला, तोंड न फाकलेला. पुढच्या खेपेला कोल्हापूरला नेऊन दिला. मामांनी नंबर वाचायचा प्रयत्नही केला नाही. अंगठा आणि तर्जनी तोंडात घालून बघितली, लेथच्या नटावर चढवला, जरा डुलवला. हलला नाही. मग कानस घेऊन दांड्यावर एक आडवी खाच पाडली, अंधारात हाताला लागेल अशी, आणि तो लेथमागच्या खिळ्याला अडकवला.