आनंदीबाई जोशी : बोटीत बसण्याआधीची तयारी



आनंदीबाई जोशींचा पाठ वर्गात घेताना आपण बहुतेक वेळा दोनच गोष्टी सांगतो. त्या अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि फार लवकर वारल्या. मुलं तेवढंच पाठ करतात, एका गुणाचं उत्तर लिहितात, विषय संपतो. पण त्या गेल्या कशा? कुणाच्या भरवशावर गेल्या? जाण्याआधी काय केलं? हे सगळं राहूनच जातं. आणि आपल्याकडे तर तेच जास्त कामाचं आहे. अहेरीतून मुलीला शिकायला नागपूरला ठेवायचं म्हटलं तरी घरात आठ-आठ दिवस बोलणी चालतात. तिथं आपलं कोण आहे, राहील कुठं, खाईल काय, आजारी पडली तर? हेच प्रश्न 1883 मध्ये त्या घरातही होते. फक्त अंतर जास्त होतं.

जन्म 31 मार्च 1865 चा. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि यमुनेची आनंदी झाली. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून, वयानं जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. बायकोनं शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. इथं एक सांगून ठेवते. गोपाळरावांना आपण सरसकट आदर्श पती करून टाकतो, ते बरोबर नाही. अभ्यास घेताना ते छोट्या आनंदीला मारत असत. हट्ट चांगल्या गोष्टीचा होता, रीत वाईट होती. मुलांना दोन्ही सांगायला हरकत नाही, आणि आपल्यालाही ऐकायला हरकत नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर औषधोपचार मिळाले नाहीत. पुरुष डॉक्टरकडे बायका जात नसत आणि बाई डॉक्टर मिळत नसे. डॉक्टर व्हायचं हे तिथून मनात बसलं. दुर्गम भागातल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता तयारीकडे येऊ. गोपाळराव कोल्हापूरला असताना त्यांनी 1878 च्या सुमारास एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, की पत्नीला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत होईल का? धर्म बदलणार असाल तर बघू, अशा अर्थाचं उत्तर आलं. दोघांनाही ते मान्य नव्हतं. गोष्ट तिथंच संपायची. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आला, आणि 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येईपर्यंत त्या मासिक चाळत बसल्या होत्या म्हणे! त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र पाठवलं.

पुढं जवळजवळ तीन वर्षं ही पत्रं चालली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. इकडचे सण, चालीरीती, घरातली सुखदुःखं त्या लिहीत, तिकडून तिकडचं कळत असे. इंग्रजीही पत्रं लिहिता लिहिताच पक्की होत गेली असणार. म्हणजे बघा, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा त्या परक्या देशात उतरल्या खऱ्या, पण परक्या घरात जाणार नव्हत्या. मला या चरित्रातला हाच भाग सगळ्यांत मोठा वाटतो. मूल बाहेर पाठवताना आपण बॅग भरतो, पैसे बांधून देतो. तिथं कुणाशी तरी आधीपासून ओळख, बोलणं असावं हे मात्र शेवटच्या आठवड्यात आठवतं.

दरम्यान गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. आनंदीबाई परदेशी एकट्या जाणार हे कळल्यावर लोकांनी टीकेचा भडिमार केला. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी, अठरा वर्षं पूर्ण व्हायला महिना बाकी असताना, श्रीरामपूरच्या कॉलेजात (हे आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याजवळचं) त्या उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत भाषण केलं. भाषणाची रचना पाहण्यासारखी आहे. लोक जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी एकेक करून घेतले. अमेरिकेलाच का? इथं शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जात वाळीत टाकेल त्याचं काय? संकट आलं तर? आणि जे कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करतेस? उत्तरंही सरळ होती. दोघांच्या जाण्याइतका पैसा नाही, घरची माणसं नवऱ्यावर अवलंबून आहेत, म्हणून एकटी. राहणी, खाणं, धर्म काही बदलणार नाही. वाळीत टाकायचं असेल तर आत्ताच टाका. संकट काय, घरातही येतं.

हा भाग वर्गात जरूर घ्या. पाचवीच्या पुढची मुलं असतील तर गावाबाहेर शिकायला जाण्याबद्दल घरचे काय विचारतील ते प्रश्न मुलांनाच काढू द्या आणि उत्तरंही त्यांनाच लिहू द्या. मुलींची वही आणि मुलांची वही शेजारी ठेवून पाहा. पालकसभेत त्याच वह्या वाचून दाखवल्या तर आणखी उत्तम.

भाषण गाजलं, मदत येऊ लागली. व्हाइसरॉयनं 200 रुपये दिले. तरी भाड्यासाठी दागिने विकावेच लागले. 7 एप्रिल 1883 ला ओळखीच्या मिशनरी बायकांच्या सोबतीनं त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. अठ्ठावन्न दिवस! कार्पेंटर मावशी घ्यायला आल्या होत्या. उन्हाळा त्यांच्या घरी काढून, तिकडच्या रीतीभातींची सवय करून मग फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. तिथं 600 डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. आपल्याकडच्या पालकांनी एक लक्षात ठेवा, आज अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आपल्या भागात हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

थंडीत नऊवारी पुरेना, तेव्हा आनंदीबाईंनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी धरली. शब्द दिलेला, पोशाख बदलणार नाही. साडी सोडली नाही, नेसण्याची पद्धत तेवढी बदलली. जेवण शाकाहारीच राहिलं. त्यांच्या कॉलेजातला 1885 सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, आणि तिघींचं शिक्षण एकाच कॉलेजात. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईनं दुसरा कुठला विषय घेतला असता?

पण सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवणाऱ्या या बाईंचा एक प्रश्न मागं पडला होता, प्रकृतीचा. बंगालमध्ये असतानाच त्यांना अशक्तपणा, डोकेदुखी, अधूनमधून ताप असायचा. मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवली होती, गुण आला नव्हता. तशाच निघाल्या. तिकडची थंडी, न मानवणारं अन्न, अभ्यासाचा ताण, आणि शेवटी क्षय. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं, त्यामुळे थांबल्या असत्या तर वाचल्या असत्या असं कुणी म्हणू नये. तरी मूल लांब पाठवताना त्याची तब्येत, जुनी दुखणी, चालू औषधं आधी नीट तपासून घ्या आणि कागद सोबत द्या. होईल तिकडे गेल्यावर बरं, असं म्हणून सोडू नका.

1886 च्या अखेरीस त्या मायदेशी आल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केलेली होती, पण रुजू होऊन काम करण्याइतकं बळ उरलं नव्हतं. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्ष पूर्ण व्हायला महिना राहिला होता.

अस्थी मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी नावाचं गाव आहे. तिथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या पुरल्या आहेत.