इंग्रजांनी ज्यांना समुद्री चाचा ठरवलं, ते कान्होजी आंग्रे नेमके कोण होते?

व्हायकिंग म्हटलं की आपल्याला आठवतात दाढीवाले, कुऱ्हाडी घेऊन आलेले समुद्री लुटारू. ७९३ साली त्यांनी इंग्लंडजवळच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला. पुढे त्यांच्याविषयी लिहिलं ते मठवाल्यांनीच. त्यामुळे ते व्यापारी होते, शेतकरी होते, हे मागेच पडलं.

आपल्या कोकणातल्या एका माणसाचंही असंच झालं. कान्होजी आंग्रे.

१६९८ च्या सुमारास ते मराठ्यांचे सरखेल झाले. सरखेल म्हणजे आरमारप्रमुख. तेव्हा पोर्तुगीज आपला परवाना नसलेली जहाजं पकडायचे. कान्होजींनी तोच नियम त्यांना लावला. किनारा मराठ्यांचा, तर इथून जाणाऱ्या जहाजाने मराठ्यांचं दस्तक घ्यायचं. नाही घेतलं, तर जहाज जप्त.

इंग्रजांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी ही चाचेगिरी होती.

१७१२ मध्ये कान्होजींनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं जहाजच पकडलं. त्यावरच्या एका इंग्रज बाईच्या सुटकेसाठी इंग्रजांना ३० हजार रुपये मोजावे लागले.

इकडे घरातही भांडण होतं. गादीच्या वादात कान्होजी ताराराणींच्या बाजूने होते. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. शेवटी बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहूंकडे वळवलं. सरखेलपद मात्र कान्होजींकडेच राहिलं.

त्यांची ताकद होती गुराबा आणि गलबतांत. वल्ह्यांवर चालणारी गलबतं उथळ खाडीत सहज शिरायची, इंग्रजांची मोठी जहाजं बाहेरच अडकायची. व्हायकिंगांच्या होड्यांचंही हेच बळ होतं.

१७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, फसला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन ते अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले. ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौकाही होत्या. पेशव्यांची फौज कान्होजींच्या मदतीला धावली आणि हाही हल्ला फसला.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. इंग्रजांना त्यांचं आरमार शेवटपर्यंत मोडता आलं नाही.

आज मुंबईतल्या भारतीय नौदलाच्या तळाचं नाव आहे, आयएनएस आंग्रे. ज्या मुंबईतून त्यांना चाचा म्हटलं गेलं, त्याच मुंबईत.