गायनाचार्य पं. विष्णू दिगंबर पलुस्कर : गाण्याला शाळेत आणणारा माणूस



माझ्या वर्गातल्या एका मुलीचा गळा फार गोड आहे. तिला गाण्याच्या क्लासला घाला, असं मी तिच्या आईला सुचवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, गाण्याने पोट भरतं का हो सर? तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून आज पलुस्करांविषयी लिहितोय.

बालपण

विष्णू यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार, त्यामुळे घरात अभंग-भजन रोजचंच. लहानपणी फटाक्यामुळे डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी खूप अधू झाली. शाळा सुटली. मग मिरजेत पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाण्याचं शिक्षण सुरू झालं. वर्षानुवर्षं रियाज केला.

मिरज सोडली

मिरज संस्थानचा आश्रय होता, खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण गवयाचं गाणं सगळ्यांना हवं, गवयाला मान मात्र कुणी देत नाही, हे त्यांना सलत होतं. १८९६ मध्ये ते मिरजेतून बाहेर पडले. गावोगाव फिरले, राजदरबाराऐवजी सामान्य लोकांसमोर अल्प तिकीट लावून गायले. तिकीट काढून गाणं ऐकायचं, ही त्या काळी नवीनच गोष्ट होती!

गांधर्व महाविद्यालय

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. हे कुणा राजाच्या पैशावर नाही, तर लोकवर्गणी आणि स्वतःच्या मैफलींच्या कमाईवर चालत होतं. ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलिपी, छापील पुस्तकं असं सगळं त्यांनी उभं केलं. आपण शिक्षक आहोत, त्यामुळे हे काम किती मोठं आहे ते आपल्याला लगेच कळेल. आधी गुरूच्या मर्जीवर असलेली विद्या आता शिकायची इच्छा असलेल्या कुणालाही मिळू लागली.

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. इमारतीसाठी कर्ज काढलं, ते फिटलं नाही आणि शेवटी इमारतीचा लिलाव झाला. हा भाग मुलांना सांगताना गाळू नका. यशस्वी माणसाचंही सगळंच यशस्वी होत नाही, हे त्यांना कळायला हवं.

अखेरचे दिवस

पुढे ते रामभक्तीकडे वळले आणि नाशिकला आश्रम काढून राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. तेव्हा मुलगा दत्तात्रय अवघा दहा वर्षांचा होता. त्याला विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी शिकवलं. तोच पुढे प्रसिद्ध गायक डी. व्ही. पलुस्कर झाला. पं. ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर हेही विष्णू दिगंबरांचेच शिष्य. गुरूच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आपली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका अशा ज्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या.

मला काय वाटतं

इमारत गेली, पण शिकवलेली माणसं राहिली. आज कितीतरी संगीत शिक्षकांची घरं याच विद्येवर चालतात. त्या आईला आता मी हेच सांगणार आहे. गाण्याने पोट भरतं, पण त्याला रियाज लागतो, शिस्त लागते आणि घरच्यांचा धीर लागतो.

तुमच्या वर्गात असा एखादा गळा असेल, तर नक्की हेरा.