संत फ्रान्सिस झेवियर : अखेरचा प्रवास

जुने गोवे येथील बॉम जेझूच्या चर्चमध्ये संगमरवरी स्मारकावर एक चांदीची पेटी ठेवलेली आहे. इ.स. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील एका लहानशा बेटावर निधन पावलेल्या एका धर्मोपदेशकाचा देह या पेटीत आहे. त्यांचे नाव फ्रान्सिस झेवियर. गोव्यातील भाविक त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणजे गोव्याचे स्वामी या नावाने ओळखतात. दरवर्षी ३ डिसेंबर या त्यांच्या पुण्यतिथीला तेथे मोठा उत्सव भरतो आणि त्यात ख्रिस्ती भाविकांबरोबर अन्य धर्मांचे लोकही सहभागी होतात.

फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेकडील नावारे या राज्यात, झेवियर नावाच्या गढीत झाला. घराणे सरदारांचे होते. परंतु त्यांच्या बालपणीच नावारेचे स्वातंत्र्य गेले आणि घराण्याचे वैभवही ओसरले. १५२५ मध्ये ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले. तेथे इग्नेशियस लोयोला यांच्याशी त्यांची मैत्री झाली. विद्वत्तेच्या बळावर मोठे पद मिळवावे, ही तरुण फ्रान्सिस यांची आकांक्षा होती. इग्नेशियस यांच्या सहवासात ती हळूहळू मावळली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी या दोघांनी आणि त्यांच्या पाच मित्रांनी पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर अकिंचन राहून सेवा करण्याचे व्रत घेतले. पुढे याच मंडळातून ‘जेज्विट’ हा संघ उदयास आला.

पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील प्रदेशांसाठी धर्मोपदेशक हवे होते. या कामासाठी निवडलेला सहकारी आजारी पडल्यामुळे फ्रान्सिस यांना जावे लागले. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडले. तेरा महिन्यांच्या खडतर प्रवासानंतर ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. मोठ्या वाड्यात न उतरता ते रुग्णालयात राहिले. रुग्णांची शुश्रूषा, कैद्यांची विचारपूस आणि नगराबाहेर राहणाऱ्या कुष्ठरोग्यांची भेट हा त्यांचा नित्यक्रम होता. हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत आणि मुलांना शिकवण्यासाठी गोळा करीत.

त्यानंतरची दहा वर्षे त्यांनी अखंड प्रवासात घालवली. तमिळ किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या परवर समाजात ते राहिले आणि प्रार्थनांचे तमिळ भाषांतर करवून घेऊन ते पाठ करू लागले. तेथून मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपान. जपानमध्ये भाषेची अडचण मोठी होती. ईश्वर या अर्थी त्यांनी प्रथम ‘दाइनिची’ हा शब्द वापरला. तो बौद्ध परंपरेतील बुद्धाच्या एका रूपाचे नाव आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी तो सोडून दिला. परक्या भाषेत काम करणाऱ्या कोणालाही या प्रसंगातील अवघडपणा समजेल.

त्यांच्या कार्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. इतर धर्मांविषयी त्यांची मते त्या काळातील युरोपीय धर्मगुरूंसारखीच कठोर होती. गोव्यात धर्मन्यायालय स्थापन व्हावे, अशी विनंती त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्राने केली होती. हे न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, स्थापन झाले आणि गोव्याच्या इतिहासात त्याने दुःखद आठवणी मागे ठेवल्या. गोव्यात या संताविषयी अपार भक्ती आहे आणि वादही आहे, तो यामुळेच.

जपानी लोकांच्या मनात चिनी विद्येविषयी असलेला आदर पाहून फ्रान्सिस यांनी चीनला जाण्याचे ठरवले. परदेशीयांना त्या देशात प्रवेश नव्हता. १५५२ च्या उत्तरार्धात ते शांगच्वान बेटावर उतरले. समोर चीनचा किनारा होता. गुप्तपणे कँटनला पोहोचवण्याचे आश्वासन एका चिनी व्यापाऱ्याने दिले होते. परंतु तो आलाच नाही. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सिस यांना ताप चढला. ३ डिसेंबरच्या पहाटे एका झोपडीत त्यांचे निधन झाले. अखेरच्या क्षणी अंतोनियो नावाचा चिनी ख्रिस्ती तरुण त्यांच्याजवळ होता. त्यांचे वय अवघे शेहेचाळीस वर्षांचे होते.

या ठिकाणी सामान्यतः चरित्र संपते. फ्रान्सिस यांच्या बाबतीत मात्र येथूनच एक वेगळी कथा सुरू होते.

देह बेटावरच पुरण्यात आला. पुरताना शवपेटीत देहाच्या खाली आणि वर चुना घालण्यात आला. चुन्यामुळे मांस लवकर नाहीसे होईल आणि जहाज परत निघेल तेव्हा अस्थी बरोबर नेता येतील, असा यामागील हेतू होता. सुमारे अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १५५३ मध्ये, पेटी उघडली गेली. केवळ हाडे मिळतील अशी अपेक्षा असताना देह जवळजवळ जसाच्या तसा आढळला. पाहणारे थक्क झाले.

चुना हा पदार्थ आपल्या परिचयाचा आहे. पानाला लावण्यासाठी आणि भिंतींना देण्यासाठी आपण तो वापरतो. जबलपूरच्या उत्तरेस असलेले कटनी चुन्याच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९९८ पर्यंत ते जबलपूर जिल्ह्यातच होते. भट्टीत चुनखडी तीव्र उष्णतेने भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. रसायनशास्त्रात त्याला कॅल्शियम ऑक्साइड म्हणतात. या चुन्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, वाफा निघतात, भांडे हाताला चटका देते. तो पाणी अधाशासारखे शोषून घेतो. त्यापासून बनणारा भिजवलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तीव्र आम्लारिधर्मी असतो. त्वचेला आणि डोळ्यांना तो इजा करतो. हा दाहकपणा पाहूनच चुना देह खाऊन टाकतो, असा समज सर्वत्र रूढ झाला असावा.

वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. मृत शरीर कुजते ते दोन कारणांनी. पेशींमधील पाचक द्रव्ये पेशींनाच विरघळवू लागतात आणि आतड्यांतील जिवाणू सर्वत्र पसरून वाढतात. या दोन्ही क्रियांना पाणी लागते. चुना ओलावा काढून घेतो आणि त्याच्या आम्लारिधर्मामुळे त्याच्या संपर्कातील बहुतेक जिवाणू तग धरू शकत नाहीत. पुढे तोच चुना कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा कडक होऊ लागतो आणि देहाभोवती एक कवच तयार होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बेल्जियममध्ये डुकरांची मृत शरीरे काही चुन्यासह आणि काही चुन्याविना सहा महिने पुरून ठेवण्यात आली होती. चुन्यातील शरीरे कमी कुजलेली आढळली.

देह जहाजाने मलाक्काला नेण्यात आला आणि मार्च १५५३ मध्ये तेथील टेकडीवरील चर्चमध्ये पेटीवाचून, जमिनीत पुन्हा पुरण्यात आला. काही महिन्यांनी उकरला तेव्हाही तो टिकून होता. मार्च १५५४ मध्ये तो गोव्यास पोहोचला तेव्हा दर्शनासाठी प्रचंड गर्दी लोटली. व्हाइसरॉयच्या वैद्याने देहाची तपासणी केली आणि पोटातील अवयव जागीच असल्याची व कोणताही मसाला न भरल्याची साक्ष दिली. भाविकांनी यात ईश्वरी कृपा पाहिली. चुन्याने काय केले असेल हे रसायनशास्त्र सांगू शकते. उष्ण, दमट मलाक्कातील ते महिने आणि पोटातील अवयव यांचे पूर्ण स्पष्टीकरण केवळ चुन्याने होते, असा दावा मात्र करता येत नाही. काळाचा परिणाम देहावर झालाच. तो सुकत आणि आक्रसत गेला. १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपरापुढील भाग वेगळा करून रोमला नेण्यात आला. तो आजही तेथील जेझू चर्चमध्ये आहे. १२ मार्च १६२२ रोजी फ्रान्सिस यांना संतपद देण्यात आले.

देह काही काळ टिकवण्याची गरज मात्र सार्वत्रिक आहे. भरत आजोळाहून येईपर्यंत दशरथाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवल्याचे वर्णन रामायणात आहे. प्राचीन इजिप्तमध्ये नेट्रॉन नावाच्या नैसर्गिक क्षाराने देह सुकवत असत. एकोणिसाव्या शतकात धमन्यांमधून आर्सेनिकयुक्त द्रव भरण्याची पद्धत आली. पण तो घातक विषारी असल्याने पुढे मागे पडला. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम या जर्मन वैद्याने फॉर्मल्डिहाइडमुळे ऊती घट्ट होतात, हे दाखवले. त्याचे पाण्यातील द्रावण म्हणजे फॉर्मेलिन. ते प्रथिनांचे रेणू एकमेकांना जखडून टाकते, त्यामुळे जिवाणूंना ती पचवता येत नाहीत. आखाती देशांत मृत्यू पावलेल्या भारतीय कामगाराचा देह विमानाने गावी येतो तेव्हा त्यावर बहुधा याच द्रावणाची प्रक्रिया केलेली असते, आणि तसे प्रमाणपत्र कागदपत्रांबरोबर जोडलेले असते. फॉर्मल्डिहाइडमुळे कर्करोग होऊ शकतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये काढला. म्हणून हे काम करणाऱ्यांना हातमोजे, मुखपट्टी आणि खेळती हवा यांची नितांत आवश्यकता असते.

फ्रान्सिस यांच्या देहासाठी गोव्याच्या कारागिरांनी सतराव्या शतकात चांदीची पेटी घडवली. तिच्याखालचे संगमरवरी स्मारक टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवले आणि ते १६९८ मध्ये उभे राहिले. साधारणपणे दर दहा वर्षांनी देह जवळच्याच से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवला जातो. पूर्वी भाविक पायांना स्पर्श करीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देह काचेच्या पेटीत असतो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात असे दर्शन झाले आणि त्यानंतर देह पुन्हा बॉम जेझूमध्ये नेण्यात आला.